मुलांच्या अंगावरील गाठी आणि सुईची तपासणी

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनात एका वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मुलाच्या मानेवरील गाठ पुष्कळदा घरच्या माणसांच्या आधी शिक्षकाच्या दृष्टीस पडते. म्हणूनच हा विषय मी आज आपणांपुढे मांडत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मुलांच्या अंगावरील बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पायाची जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते. डोक्यात खवडे झाले, दात किडला किंवा घसा आला म्हणजे मानेतील गाठी सुजतात. या गाठी शरीराच्या चौक्याच होत. रोगजंतूंशी झुंजताना त्या फुगतात व मूळ दुखणे बरे झाले की ओसरतात. परंतु जी गाठ दोन आठवडे उलटूनही ओसरत नाही, औषध देऊनही वाढते, २ सेंटिमीटरांहून मोठी होते, हाताला टणक लागते, किंवा गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वरच्या खळगीत उद्भवते, तिची चौकशी झालीच पाहिजे. सोबत रेंगाळणारा ताप किंवा वजनातील घट असेल तर मुळीच विलंब करू नये.

अशा गाठीच्या मुळाशी आपल्याकडे पुष्कळदा क्षय असतो. त्यालाच आपण गंडमाळ म्हणतो. क्वचित कर्करोगही असतो. दोहोंचे उपचार अगदी भिन्न आहेत आणि केवळ पाहून वा चाचपून निश्चित निदान करता येत नाही. तेथे सुई उपयोगी पडते.

ही सुई इंजेक्शनच्या सुईएवढीच, सुमारे ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीची असते. ती काही क्षण गाठीत घालून थोड्या पेशी ओढून घेतात व काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्याच द्रवातून क्षयाचे जंतू व त्यांच्यावर रिफॅम्पिसिन हे औषध चालेल की नाही, हेही यंत्राने काही तासांत कळू शकते. अधिक मांस हवे असल्यास थोडी जाड सुई वापरतात. त्या वेळी जागा बधिर करतात किंवा मुलाला झोपवतात. कधी पूर्ण गाठच काढून तपासावी लागते. आणखी एक गोष्ट: अहवालात दोष निघाला नाही, पण गाठ वाढतच राहिली, तर पुन्हा दाखवणे आवश्यक आहे.

आता माझीच एक चूक सांगतो. मी ग्रामीण भागात नोकरीस असताना चौथीतील एका मुलीला तिचे आजोबा घेऊन आले. मी सुईचे नाव काढताच ते म्हणाले, "सायेब, गाठीला सुई लावू नगा, भडकंल." रुग्णांची रांग मोठी होती. मी कागदावर 'नकार' असे लिहिले व पुढच्या रुग्णाकडे वळलो. सात महिन्यांनी मुलगी परत आली तेव्हा गाठ फुटून वाहत होती. तपासणीत गंडमाळ ठरली. औषधाने ती बरी झाली. परंतु मानेवर व्रण राहिला आणि शाळेचे वर्ष बुडाले. तिचे गुरुजी मला एवढेच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला निरोप धाडला असता तर मी आजोबांची समजूत घातली असती." ते खरे होते. त्या घरात माझ्या शब्दापेक्षा गुरुजींच्या शब्दाला वजन होते.

सुईने गाठ भडकते हा समज कसा रूढ झाला? लोक येतात उशिरा. रोग आधीच वाढलेला असतो. पुढे जे घडते त्याचा दोष सुईच्या माथी येतो. बारीक सुईने रोग पसरणे अत्यंत विरळा आहे, आणि ज्या थोड्या गाठींना सुई लावणे इष्ट नसते, त्या तज्ज्ञ स्वतःच टाळतात.

तेव्हा आपणांकडून माझ्या चार अपेक्षा आहेत. गाठ दिसताच तारीख टिपून ठेवावी व पालकांना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत येईल तेव्हा ते मूल आवर्जून दाखवावे, मात्र लक्षणे गंभीर असल्यास पथकाची वाट न पाहता आरोग्यकेंद्रात धाडावे. गाठीवर बिब्बा, डाग वा चोळणे होऊ देऊ नये. तपासणीपूर्वी स्टिरॉइडच्या गोळ्याही कोणी परस्पर देऊ नयेत, कारण त्यांनी गाठ तात्पुरती बसते व निदान हुकते. आणि गंडमाळेच्या मुलाला वर्गात वेगळे बसवू नये. केवळ मानेतील गाठीचा क्षय शेजारच्या मुलाला लागत नाही; फुप्फुसांत रोग आहे की नाही, ते डॉक्टर पाहतात. सरकारी दवाखान्यात क्षयाचे औषध विनामूल्य मिळते, पण ते निदान सहा महिने चुकवता कामा नये.

सुई टोचणे हे आमचे काम आहे. ती टोचू देण्याइतका धीर घरच्यांना देणे, हे आपणच करू शकता.