मासा आजारी की पाणी आजारी?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आपल्या मंडळात स्वयंपाक, शिवण, बालसंगोपन ह्या विषयांवर नेहमीच बोलणे होते. आज मला दिलेला विषय थोडा निराळा आहे: काचेच्या पेटीतील लहान मासे आजारी पडले तर ते कसे ओळखावे आणि काय करावे. विषय मुलांच्या हौसेचा आहे असे कोणी म्हणेल. पण हौस मुलांची असली तरी पेटी घासणे, पाणी भरणे आणि मासा मेला म्हणजे रडणाऱ्या पोराची समजूत घालणे ही कामे अखेर आपल्याकडेच येतात. म्हणून हा विषय आपलाच आहे.

पूर्वी रंगीत मासे पाहावयाचे तर मुंबईस जावे लागे. तेथे १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि सहलीला गेलेली मुले काचेला नाक लावून उभी राहू लागली. आज तालुक्याच्या बाजारातूनही पाण्याच्या पिशवीत मासे घरी येतात. गप्पी मासे तर आरोग्य खात्याने डासांच्या अळ्या खाण्यासाठी खेड्यापाड्यांतील हौदांत सोडले आहेत. ह्या नावाचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही बरे का! गप्पी नावाच्या एका गृहस्थांनी १८६६ साली त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या संग्रहालयाकडे पाठविले, त्यांचे नाव माशांना पडले.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. मासा मेला की आपल्याकडे दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, "घरावरचे संकट माशाने आपल्या अंगावर घेतले." दुसरी त्याहून वाईट. घरात लग्न झाले, वास्तुशांत झाली, हौसेने नवी पेटी आणली आणि पंधरा दिवसांत सारे मासे गेले, तर कोणीतरी हळूच नव्या सुनेच्या पायगुणाकडे बोट दाखविते. भगिनींनो, तो दोष सुनेच्या पायाचा नव्हे, पेटीतल्या पाण्याचा असतो. कसा, ते सांगते.

माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न पाण्यात कुजले की अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा आहे. जुन्या पेटीत त्याचे रूपांतर करणारे सूक्ष्म जंतू असतात. ते अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे पुष्कळच कमी घातक असे नायट्रेट करतात. नव्या पेटीत हे जंतू नसतात. विरजणाशिवाय दूध लागत नाही, तसेच हे. हे विरजण लागावयास चार ते सहा आठवडे जातात आणि नेमके त्याच काळात आपण पेटीत दहा-बारा मासे सोडून त्यांना मूठ-मूठ खाणे घालतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे मरतात. उपाय सोपा आहे. प्रथम दोन-तीनच मासे ठेवावेत, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाणे द्यावे आणि एखाद्या ओळखीच्या घरच्या जुन्या, निरोगी पेटीतला स्पंजाचा तुकडा मागून आणून आपल्या गाळणीत ठेवावा. शेजारणीकडून विरजण आणतो तसाच!

आजाराची पारख करताना पहिला प्रश्न असा विचारावा: सगळे मासे एकदम आजारी झाले की एकेक करून? सगळेच एकदम वर येऊन तोंड उघडू-मिटू लागले, तर दोष बहुधा पाण्यात. आज एक, परवा दुसरा असे होत असेल, तर रोग असण्याचा संभव अधिक.

पाणी का बिघडते? नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत ब्लीचिंग पावडर टाकते. ते आपल्या आरोग्यासाठी आवश्यकच आहे, पण त्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. म्हणून पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. दुसरे कारण उन्हाळा. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. आपल्या खानदेशच्या वैशाखात पेटी खिडकीच्या उन्हात मुळीच ठेवू नये. वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, तर पेटीतलेच पाणी तांब्याने काढून वरून धार धरून पुन्हा ओतावे. तिसरे कारण औषधे. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाने हात स्वच्छ धुतल्याशिवाय पेटीत घालू नयेत. घरात डासांचा फवारा मारताना पेटी झाकावी आणि तेवढा वेळ हवेचा पंपही बंद ठेवावा. माणसाला न जाणवणारी मात्राही माशाला मारते.

पाणी बिघडल्याची शंका येताच चौथा हिस्सा पाणी काढून तितकेच मुरलेले पाणी घालावे आणि एक दिवस खाणे बंद ठेवावे. सारे पाणी एकदम बदलू नये. गाळणीचा स्पंज नळाखाली घासू नये, नाहीतर आपले विरजणच वाहून जाते. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

आता रोगांविषयी. निरोगी माशाचे पर पसरलेले असतात आणि खाणे दिसताच तो पुढे येतो. आजारी मासा पर मिटून कोपऱ्यात बसतो, खात नाही, दगडाला अंग घासतो.

अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो ठिपक्यांचा रोग. थंडीच्या दिवसांत पाणी एकाएकी गार झाले की तो जोर करतो. ह्याचा जंतू माशाच्या कातडीखाली असतो तोवर त्याला औषध लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, तेथे एकाचे शेकडो होतात आणि नवा मासा शोधीत पोहतात, तेव्हाच तो मरतो. म्हणून एकच मासा बाजूला काढून भागत नाही, सगळ्या पेटीला उपचार करावा लागतो. लिटरला २ ते ३ ग्रॅम खडे मीठ, म्हणजे २० लिटरच्या पेटीला ४० ते ६० ग्रॅम, पाण्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडे थोडे घालावे. गप्पी आणि गोल्डफिश हे सोसतात. पाणवनस्पतींना मात्र ते सोसत नाही, त्या आधी काढाव्यात. तळचा गाळ रोज नळीने ओढून घ्यावा. जितके पाणी काढाल तितक्याच पाण्यापुरते मीठ पुन्हा घालावे. ठिपके दिसेनासे झाले तरी आठवडाभर उपचार थांबवू नये.

जखमेवर कापसाचे तंतू दिसले तर ती बुरशी. परांच्या कडा झिजून चिंध्या झाल्या तर परांची कूज. दोन्हींचे मूळ बहुधा घाण पाण्यात असते. ते सुधारले, जोडीला थोडे मीठ घातले, तर सुरुवातीचा रोग पुष्कळदा हटतो. पोट फुगून खवले उभे राहिले, तर मात्र मासा क्वचितच वाचतो. त्यास निराळ्या भांड्यात शांत ठेवावे आणि मुलांना खोटी आशा दाखवू नये.

घरात उरलेल्या माणसांच्या कॅप्सूल फोडून पेटीत टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडावी. त्याने उपयोगी जंतू मरतात, आणि रोगजंतू औषधाला दाद देईनासे होतात. दुकानातील हिरवे औषध, मॅलाकाइट ग्रीन, उघड्या हाताने हाताळू नये आणि खाण्याच्या माशांच्या जवळपासही आणू नये. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये. माशांच्या एका रोगाचे जंतू तेथून आपल्या कातडीत शिरतात आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही.

एक विनंती शेवटी. कंटाळा आला किंवा मासे आजारी पडले म्हणून ते नदीनाल्यात किंवा विहिरीत सोडू नका. रोग तेथे पसरतो आणि परका मासा स्थानिक माशांना भारी पडतो. पेटीची काच चाटणारा सकर मासा असाच कोणी सोडलेला. तो आज उजनी धरणात कोळ्यांची जाळी फाडीत आहे. मेलेला मासा जमिनीत पुरावा.

भगिनींनो, पुढल्या वेळी कोणाच्या घरी मासे मेले आणि कोणी पायगुणाची गोष्ट काढली, तर आपल्यापैकी एकीने तरी पुढे होऊन विचारावे, "पेटी किती दिवसांची? पाणी मुरवले होते का? खाणे किती घालता?" ह्या तीन प्रश्नांनी मासेही वाचतील आणि एखाद्या मुलीच्या डोळ्यांतले पाणीही वाचेल.