चौकशीविना बडतर्फी



लाच खाणाऱ्या, कोठडीत माणूस मारणाऱ्या पोलिसाला शिक्षा व्हावी याबद्दल आपल्यात दुमत नाही. ती कशी द्यावी, हा प्रश्न आहे.

मुंबईचेच घ्या. ख्वाजा युनूस कोठडीतून नाहीसा झाला जानेवारी २००३ मध्ये. त्या प्रकरणात २००४ साली निलंबित झालेले सचिन वाझे जून २०२० मध्ये पुन्हा कामावर आले. मार्च २०२१ मध्ये दुसऱ्या प्रकरणात त्यांना एनआयएने अटक केली आणि ११ मे रोजी घटनेच्या कलम ३११(२)(ब) खाली, खात्याची चौकशी न करताच, बडतर्फी झाली. सोळा वर्षे जमले नाही ते दोन महिन्यांत! युनूसच्या आईला त्यातून काय मिळाले?

हे कलम आपल्या ओळखीचे आहे. रेल्वेत त्याचाच नियम १४(२), पोस्टात नियम १९. १९८१ च्या लोको रनिंग स्टाफच्या संपात याच नियमाने माणसे घरी बसवली. ना चार्जशीट, ना साक्षीपुरावा. १९८५ साली तुलसीराम पटेल खटल्यात सुप्रीम कोर्टाने ही तरतूद उचलून धरली. तेव्हा पोलिसावर ती चालली म्हणून टाळ्या वाजवू नका.

बाहेरची चौकशी हवी. प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली कोर्टाने पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितली. महाराष्ट्राने कायदा बदलला २०१४ मध्ये, तोही रडतखडत. शिपायाला तर १९६६ च्या कायद्याने सरकारी परवानगीविना युनियनही करता येत नाही. त्याची बाजू कोण मांडणार?

स्टेशनवरचा जीआरपी हा राज्याचा पोलीस. त्याने हमालाला छळले तर तारीख, वेळ, बिल्ला नंबर लिहून शाखेत द्या. प्राधिकरणाकडे अर्ज आपण करू.