झाकण लावण्याआधी ग्रॅव्हिटी नीट मोजा

आजचा भाग घरी बिअर बनवणाऱ्यांसाठी, म्हणजे जिथे कायद्याने ते चालतं तिथल्या श्रोत्यांसाठी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करता येत नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

दूध तपासायचा लॅक्टोमीटर पाहिलाय ना? हायड्रोमीटर त्याच कुळातला. साखर जास्त, तर तो जास्त वर तरंगतो. सुरुवातीला 1.050 आणि शेवटी 1.010 आलं, तर फरकाला 131 ने गुणा. अल्कोहोल साधारण सव्वापाच टक्के. हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही. जपायचं ते बाटलीला. आंबायची साखर उरलेली असताना झाकण लावलं, तर दर 0.001 मागे एक लिटर बिअरमध्ये साधारण अर्धा लिटर गॅस तयार होतो. 0.006 उरलं तर तीन लिटर, आणि फेसासाठी आपण घातलेली साखर वेगळीच. मग काच फुटते.

म्हणून आधी हायड्रोमीटर 20 अंशांच्या साध्या पाण्यात सोडा. बहुतेक हायड्रोमीटर याच तापमानाचे असतात, तरी तुमच्यावर काय छापलंय ते बघा. 1.000 ऐवजी 1.002 दाखवलं, तर दर वेळी 0.002 वजा करायचे. नमुना 30 अंशांवर असेल तर रीडिंग 0.002 ते 0.003 ने कमी येतं, म्हणजे काम झालंय असा भास होतो. आणि नमुन्यातला गॅस काढा. चहा गार करतो तसं दोन ग्लासांत वरखाली करायचं. नाहीतर बुडबुडे चिकटून हायड्रोमीटर वर उचलतात. डोळा पातळीला आणा, मधली खालची रेषा वाचा.

रिफ्रॅक्टोमीटरला दोनच थेंब लागतात, पण आंबल्यावर अल्कोहोल त्याला फसवतं. 12 ब्रिक्सने सुरू झालेली बिअर 6 वर आली, तर थेट कोष्टकात ती 1.024 दिसते. प्रत्यक्षात असते 1.010 च्या आसपास. त्यासाठी वेगळं सूत्र वापरावं लागतं.

आता निर्णय. तीन दिवस रीडिंग तेच हवं, आणि ते रेसिपीच्या अपेक्षेजवळही हवं. 1.020 वर तीन दिवस स्थिर असेल, तर यीस्ट कदाचित नुसतं झोपलंय. थोडा नमुना जास्त यीस्ट घालून उबेत ठेवा. तो आणखी खाली गेला, तर मोठ्या भांड्यातलं कामही बाकी आहे. थांबा.

चला, पुढच्या भागात भेटू.