दारापुढची काटक फुलझाडे



थंड मुलखात बर्फ सोसणारी फुलझाडे निवडतात. आपल्या सोलापुरात झाडाची परीक्षा ऊन घेते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. पाऊस थोडा, तोही लहरी. म्हणून फुलाचा रंग मागाहून बघा. आधी विचारा, हे झाड कमी पाण्यावर जगेल का?

तरवड बघा. माळावर आपोआप वाढतो, पिवळ्या फुलांनी भरतो. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. दुसरी कोरांटी. ती हिवाळ्यात फुलते. पिवळ्या कोरांटीला काटे असतात. कुंपणाला ती बरी. कण्हेरही काटक आहे. पण तिचे पान, फूल, बी, सारेच विषारी. घरी लहान लेकरे, गुरे असतील तर ती लावूच नका.

आता वेळ. पहिला चांगला पाऊस झाला की रोप लावा. म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळे खोल जातात. बुंध्याशी आळे करा, त्यात पालापाचोळा पसरा. ओल टिकते. भाजी धुतलेले पाणी तिथेच ओता. पहिला उन्हाळा निभावला, की झाड तुमचे झाले.