दुष्काळनिवारण आणि नवीं वनें



धान्य व चारा वांटून आम्ही आजचा दिवस भागवितों. पुढील दुष्काळाची धार बोथट करावयाची तर उघड्या माळांवर झाडें उभीं राहिलीं पाहिजेत. १९७२ च्या दुष्काळांत लाखों हात खडी फोडीत होते. त्याच संकटांतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें, आणि सरकारी मजुरीवर वृक्षलागवडही होऊं लागली.

परंतु खातेदार अद्याप कचरतो. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यान्वयें साग, खैर, मोह इत्यादि झाडें स्वतःच्या शेतांतलीं असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. उभ्या झाडाच्या रक्षणास हा निर्बंध योग्यच आहे. पण जें तोडावयास मिळेल याची शाश्वती नाहीं, तें लावावें कोणीं? उलट २०१७ सालीं वनाबाहेरील बांबू कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येंतून वगळला गेला, आणि त्याचा मार्ग मोकळा झाला. म्हणून लागवडीच्या वेळींच नोंद व्हावी, व नोंदलेल्या झाडास तोडीचा परवाना विनाविलंब मिळावा, अशी सरकारास आमची विनंती आहे.

आपणांस विनंती निराळी आहे. रोप लावण्यास एक दिवस पुरतो. तें जगविण्यास दोन-तीन उन्हाळे पाणी, कुंपण व राखण लागते. जमीनवाल्यांनीं बांधाची जागा द्यावी, व्यापारी मंडळींनीं राखणदाराचें वेतन उचलावें. ही राखण दुष्काळपीडित कुटुंबांकडेच सोंपवावी असा आमचा मानस आहे. म्हणजे आपला एकच रुपया आज भाकर आणि उद्यां सावली देईल.