जुन्या मोटारीचा हिसका

पांढरकवड्यापाशीं नागपूर-हैदराबाद महामार्ग ओलांडण्यासाठीं एखादी जुनी मोटार बाजूच्या रस्त्यावर थांबते. मालमोटारींच्या रांगेंत मोकळी जागा दिसतांच चालक क्लच सोडूं लागतो, ॲक्सिलरेटर दाबतो. आणि मोटार सुरळीत पुढें न जातां दोन-तीन हिसके खाऊन रस्त्याच्या मध्यावरच अडखळते. घरासमोरील गल्लींत हा दोष क्षुल्लक वाटेल; परंतु अशा ठिकाणीं तेवढे दोन क्षणहि जीवावर बेतूं शकतात.

ॲम्बॅसॅडर व मारुति ८०० या दोन्ही मोटारींचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. प्रीमियर पद्मिनीचें तर त्याच्याहि बरेंच आधीं. ज्यांच्या दारांत या गाड्या आजहि उभ्या आहेत, त्यांना सुटे भाग मिळवितांना श्रम व पैसा दोन्ही खर्चावे लागतात. तेव्हां दोष न ओळखतांच एकामागून एक भाग बदलीत जाणें, हा नाडी न पाहतां औषध देण्याचा प्रकार झाला.

पहिला प्रश्न असा कीं, हिसका नेमका केव्हां बसतो? क्लच सुटत असतांना, कीं पूर्ण सुटल्यावर? याची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्यें, क्लचवरील पाय पूर्ण काढून मोटार हळू चालवावी आणि ॲक्सिलरेटर हळूहळू दाबावा. ती येथेंहि अडखळली, तर एंजिनास पेट्रोल, हवा वा ठिणगी योग्य मिळत नाहीं असें समजावें. येथें ती निमूटपणें वेग घेते आणि थरथर केवळ जागेवरून निघतांनाच होते, असें आढळल्यास संशय क्लचकडे वळवावा.

क्लच प्लेटवर तेल झिरपलें असेल, किंवा ती झिजून कडक झाली असेल, तर तिची पकड एकसारखी राहत नाहीं. परंतु प्लेट पाहण्यासाठीं गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून त्यापूर्वीं मिस्त्री ज्याला ‘फाउंडेशन’ म्हणतात, ते एंजिनाखालचे रबर तपासावेत. ते तडकले असल्यास एंजिन जागेवर डोलतें व हुबेहूब क्लचसारखाच धक्का देतें. ॲम्बॅसॅडर किंवा पद्मिनी यांसारख्या, मागील चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडींत निघतांना एकच ‘ठक्’ असा आवाज येत असेल, तर शाफ्टचा क्रॉस झिजला आहे काय, हेंहि पाहावें.

दोष एंजिनाचा ठरल्यास प्रारंभ एअर फिल्टरपासून करावा. काळ्या मातीची धूळ आणि हंगामांत उडणारा कापूस यांनीं तो लवकर कोंदतो. त्यानंतर स्पार्क प्लग, त्यांच्या तारा आणि जुन्या गाडींत असतील तर पॉइंट पाहावेत. हवेची एखादी रबरी नळी चिरली असली, तरी मिश्रणांत हवा अधिक होऊन एंजिन अडखळतें. कार्ब्युरेटरमध्यें ॲक्सिलरेटर दाबतांच पेट्रोलची बारीक पिचकारी सोडणारा लहानसा पंप असतो. त्याचें रबर थकलें कीं नेमकें निघतांनाच पेट्रोल कमी पडतें. ही तपासणी एंजिन बंद व थंड असतांनाच, आणि विडी-काडी दूर ठेवूनच व्हावी.

आतां पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. जुन्या गाड्यांचीं रबरें त्यासाठीं घडविलेलीं नव्हतीं, आणि टाकींतील जुना गाळहि त्यानें सुटून फिल्टरमध्यें येऊं शकतो. हा विचार मिस्त्रीच्या कानावर घालावा. सकाळीं निर्दोष चालणारी कार्ब्युरेटरची गाडी वैशाखांतील दुपारीं थांबून पुन्हां निघतांना अडखळत असेल, तर उष्णतेनें नळींतील पेट्रोलची वाफ होत असल्याची शंका घ्यावी.

सारांश, हिसका थंड असतांना बसतो कीं तापल्यावर, सपाटीवर कीं चढावर, याचें टिपण वहींत ठेवावें. फुकट होणारी तपासणी आधीं, स्वस्त दुरुस्ती मग आणि खर्चाची सर्वांत शेवटीं करावी. एका वेळीं एकच भाग बदलून त्याच रस्त्यावर पुन्हां परीक्षा घ्यावी. दोन भाग एकदम बदलल्यास दोष कशांत होता, हें कधींच कळत नाहीं. आणि तो दूर होईपर्यंत त्या गाडीनें महामार्ग ओलांडण्याचें साहस करूं नये.