मशीन आपलं, किल्ली कुणाची?



या मालिकेत याआधी बोललेल्यांचे विषय माझ्यापेक्षा भारदस्त होते. माझा विषय आहे, सेकंडहँड घेतलेलं टपालाचं मशीन आणि त्याची सर्व्हिस. संयोजकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, आता पत्रं कोण पाठवतं?" मी म्हटलं, कोर्टाची नोटीस, बँकेची नोटीस, विम्याचे कागद अजून पाकिटातूनच जातात. आणि ते वेळेवर गेले नाहीत, तर कुणाचं तरी घर हलतं. तेव्हा अर्धा तास द्या मला.

मी मूळचा सांगलीकडचा. नोकरीनिमित्त चंदीगडला आलो आणि इथलाच झालो. सुखना तलावाच्या पलीकडे, किशनगड आणि मनीमाजराच्या बाजूला आयटी पार्क आहे. पूर्ण नाव राजीव गांधी चंदीगड टेक्नॉलॉजी पार्क. २००५ साली तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मागे शिवालिकच्या टेकड्या, पुढे काचेच्या इमारती. त्यातल्याच एका इमारतीत मी बरीच वर्षं बॅक ऑफिसचं काम केलं. नंतर स्वतःचा छोटा धंदा काढला. वकिलांची कार्यालयं आणि कर्ज देणाऱ्या संस्था यांची पत्रं छापायची, घडी घालायची, पाकिटात भरायची आणि टपालात टाकायची. मी, माझी बायको आणि चार मुलं, एवढाच संसार.

सुरुवातीला सगळं हाताने. मग कळलं की पार्कातलंच एक ऑफिस बंद होतंय आणि त्यांचं घडी घालून पाकिटात भरणारं मशीन विकायला आहे. परदेशी बनावटीचं. कागद एका बाजूने जातो, रोलर त्याला ओढतात, घडी पडते, पाकिटाचं तोंड उघडतं, कागद आत सरकतो, ओल्या ब्रशने डिंक भिजतो आणि पाकीट बंद होऊन बाहेर पडतं. तासाला हजारावर पाकिटं. नव्याची किंमत आमच्या आवाक्याबाहेरची. हे मिळत होतं एक लाख ऐंशी हजारांना. वर फ्रँकिंग मशीन फुकट. मला वाटलं, लॉटरी लागली!

आता फ्रँकिंग म्हटलं की आपल्याकडे लोकांना घराच्या कागदपत्रांवरचं मुद्रांक शुल्क आठवतं. मी म्हणतोय ते टपालाचं. तिकीट चिकटवण्याऐवजी पाकिटावर रकमेचा छाप उठवणारं मशीन. १९२० मध्ये अमेरिकेत आर्थर पिटनी आणि वॉल्टर बोज यांच्या अशा मशीनला तिथल्या टपाल खात्याने मान्यता दिली. पण विचार करा, हे मशीन एका अर्थाने पैसेच छापतं. म्हणून कुठलंही टपाल खातं त्याला मोकळं सोडत नाही. अमेरिकेत आजही ते विकत मिळत नाही, अधिकृत कंपनीकडून भाड्यानेच घ्यावं लागतं. आपल्याकडे टपाल खात्याचा परवाना लागतो. तो ठरावीक मशीन आणि ठरावीक वापरणारा यांच्या जोडीला मिळतो. छापात परवान्याचा क्रमांकही उठतो. नव्या डिजिटल मशीनमध्ये तर शिल्लक रक्कमसुद्धा कंपनीच्या सर्व्हरमार्फत दुरून भरली जाते.

म्हणजे मला फुकट काय मिळालं होतं? पत्र्याचा एक डबा. परवाना जुन्या ऑफिसच्या नावावर. माझ्या नावाने नवा परवाना हवा, तर मशीन खात्याने मान्य केलेलं हवं आणि कंपनीने ते चालू करून द्यायला हवं. कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, या मॉडेलला आता सपोर्ट नाही." विषय संपला. तो डबा दोन वर्षं आमच्याकडे पाकिटांचे गठ्ठे ठेवायला वापरला.

घडीचं मशीन मात्र चाललं. तीन महिने अगदी घड्याळासारखं. चौथ्या महिन्यात एके दिवशी दुपारी तीन वाजता पडद्यावर एक आकडा आला आणि मशीन थांबलं.

आता त्या दिवसाचं काम काय होतं, ते सांगतो. चेक न वटल्याच्या ६४० नोटिसा. तुमच्यापैकी व्यापारी असतील त्यांना कलम १३८ माहीत असेल. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाली, की तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. एकतिसाव्या दिवशी दिलेल्या नोटिशीवर त्या कलमाखाली केस उभी राहत नाही. आमच्या गठ्ठ्यातल्या कित्येक नोटिसांचा दुसरा दिवस शेवटचा होता.

मी अधिकृत सर्व्हिसला फोन लावला. त्यांनी मशीनचा नंबर विचारला. नंबर जुन्या ऑफिसच्या नावावर. मी म्हटलं, मशीन आता माझं आहे. ते म्हणाले, आमच्या नोंदीत तुम्ही नाही. करार करायचा तर आधी तपासणी, तपासणीची वेगळी फी, तपासणीत जे भाग खराब निघतील ते सगळे बदलायचे, मग देखभालीचा करार. भाग यायला सहा आठवडे. मी विचारलं, पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ तरी सांगा. म्हणाले, तो फक्त आमच्या इंजिनिअरला पासवर्ड टाकून बघता येतो.

त्या माणसाचा राग आला होता, पण आज विचार करतो तर तो त्याच्या जागी बरोबर होता. त्याच्या कंपनीने माझ्याकडून एक रुपया घेतला नव्हता. मी ज्याला पैसे दिले, त्याचं ऑफिस बंद झालं होतं. मधल्या फटीत मी उभा होतो.

त्या रात्री आम्ही सहाजण आणि शेजारच्या दोन बायका मांडी घालून बसलो. प्रत्येकी तीन कागद, ६४० पाकिटं. घडी, भरणं, चिकटवणं. मग पिन कोडप्रमाणे गठ्ठे. पिन कोड ही आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची देणगी, १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे. माझी बायको १ चे गठ्ठे लावत होती, मी ४ चे. पहाटे चारला झालं. सकाळी सेक्टर १७ च्या मुख्य डाकघरात सगळं रजिस्टर पोस्टाने गेलं. तेव्हा रजिस्टर वेगळं होतं. २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन झालं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, वा, निभावलंत. थांबा. खरी चूक पुढे आहे आणि ती माझी आहे.

दोन दिवसांनी मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका मिस्त्रींना आणलं. वयस्कर सरदारजी, आयुष्य छापखान्यांची ऑफसेट मशीनं दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी झाकण उघडलं, रोलरवर बोट फिरवलं आणि म्हणाले, रबर कडक झालंय, कागद घसरतोय. रोलर काढून नेले, नवं रबर चढवून आणलं. छापखान्यांच्या रोलरना रबर चढवणारे प्रत्येक मोठ्या शहरात असतात. बेअरिंग बाजारात नंबरवर मिळाली. पट्टा मिळाला. एकूण खर्च साडेसहा हजार. पण तो आकडा काही जाईना. एक सेन्सर मेला होता आणि नवा बसवला तरी बोर्ड त्याला ओळखत नव्हता. ओळख करून द्यायची, तर पासवर्ड हवा. तेव्हा मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले, "मशीन तां ठीक है जी, पर चाबी किसदे कोल है?" मशीन ठीक आहे, पण किल्ली कुणाकडे आहे?

मी म्हटलं, पाजी, सेन्सर वगळून चालत असेल तर चालवा. त्यांनी मला सांगितलं होतं, हा सेन्सर दोन कागद एकदम गेले तर मशीन थांबवतो. मी म्हटलं, आम्ही लक्ष ठेवू. मशीन चालू झालं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांनी वकीलसाहेबांचा फोन आला. एका पाकिटात दोन माणसांच्या नोटिसा गेल्या होत्या. एकाला दुसऱ्याचं कर्ज कळलं आणि दुसऱ्याला त्याची नोटीस मिळालीच नाही. ज्याचा चेक बुडाला होता तो लुधियानाचा एक लहान पुरवठादार. रक्कम चार लाखांच्या घरात. त्याचे तीस दिवस उलटून गेले होते. नशीब एवढंच, की चेकची तीन महिन्यांची मुदत संपायला अकरा दिवस होते. वकिलांनी चेक पुन्हा बँकेत टाकायला लावला, तो पुन्हा परत आला आणि नव्याने तीस दिवस मिळाले. त्याचं वाचलं. माझं काम मात्र गेलं. त्या वकिलांनी पुन्हा गठ्ठा पाठवला नाही आणि मी त्यांना दोष देत नाही.

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. रोलर, पट्टा, बेअरिंग, स्प्रिंग, डिंकाचा ब्रश हे सगळं स्थानिक मिस्त्री उत्तम करतो, बिनधास्त करा. पण चूक पकडणारा भाग बंद करून मशीन चालवू नका. त्यापेक्षा हाताने भरा.

आता कायदा काय म्हणतो? मी ग्राहक मंचात जायला निघालो होतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कामासाठी वस्तू घेणारा 'ग्राहक' धरला जात नाही. अपवाद एकच, स्वयंरोजगारातून केवळ पोटापाण्यासाठी घेतलेली वस्तू. चार माणसं कामाला ठेवणारा मी त्यात बसतो का, हा वादाचा मुद्दा. शिवाय माझ्या पावतीवर लिहिलं होतं, 'आहे त्या स्थितीत'. मी सही केली होती.

सुट्या भागांचा प्रश्न आपल्या देशात गाड्यांच्या बाबतीत गाजला. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. बाहेरच्या गॅरेजना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती न देणं हा त्यातला मुख्य आक्षेप होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा देशाला कळला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने आधी चार क्षेत्रं घेतली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहनं. यात ऑफिसातलं टपाल मशीन कुठे आहे? मला तरी दिसलं नाही. माझ्यासारख्या लहान धंदेवाल्याची अडचण अशी, की कायद्याच्या नजरेत तो कंपनी असतो आणि कंपनीच्या नजरेत तो किरकोळ गिऱ्हाईक.

तोपर्यंत काय करायचं? पैसे देण्याआधी पाच प्रश्न विचारा.

एक, मशीन विकणाऱ्याच्याच मालकीचं आहे का? मोठ्या ऑफिसांत अशी मशीनं बऱ्याचदा भाडेपट्ट्यावर असतात. मूळ खरेदीची पावती बघा.

दोन, नंबर सांगून कंपनीला आधी फोन करा. या मॉडेलला सर्व्हिस आहे का, किती वर्षं आहे, नव्या मालकाचं नाव नोंदवायला काय लागतं? उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं 'हो सर, होऊन जाईल' चालत नाही.

तीन, सर्व्हिसची पुस्तिका, पासवर्ड आणि जुन्या दुरुस्त्यांचे कागद विकणाऱ्याकडे आहेत का? असतील तर किमतीत ते धरा. ते नसतील तर किंमत पाडा.

चार, वीज बघा. अमेरिकेतून आलेलं मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. आपलं २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. आत थेट एसीवर चालणारी मोटर असेल तर ती मंद फिरते आणि घडीचा सगळा मेळ बिघडतो.

पाच, तुमचा कागद आणि तुमची पाकिटं घेऊन जा आणि सलग पाचशे भरून बघा. दहा पाकिटं कुठलंही मशीन भरतं. जमल्यास पावसाळ्यात बघा. दमट कागद एकमेकाला चिकटतो, मशीनची खरी परीक्षा तेव्हाच होते.

आणि फ्रँकिंगचं मशीन असेल, तर आधी डाकघरात जाऊन परवान्याचं विचारा. मग मशीनला हात लावा.

आज आमच्याकडे मशीन आहे का? आहे. पुन्हा सेकंडहँडच. पण या वेळी आधी मिस्त्री ठरवला, मग मशीन घेतलं. तेच सरदारजी बरोबर आले होते. विकणाऱ्याने चमकवून ठेवलेल्या मशीनकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीवर बसून आधी कागद मागितले आणि पुस्तिकेत पासवर्डाचं पान सापडल्यावरच म्हणाले, आता झाकण उघडा.

माझं सांगून झालं.